अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांची घरगुती पत्रे

शेतकीच्या इतिहासाची साधने म्हणून जे कागद आपणांपुढे ठेवले जातात, त्यांतील बहुतेक शेतकऱ्याच्या हातचे नसतात. पीकपाण्याचा अहवाल सरकारी अंमलदार लिहितो, बाजारभावाचे कोष्टक व्यापारी मांडतो, आणि पडीक जमिनीची वाखाणणी करणारे हस्तपत्रक ती जमीन विकू पाहणारा छापतो. या तिन्ही कागदांत शेतकऱ्याविषयी पुष्कळ मजकूर असतो. त्याचा स्वतःचा शब्द मात्र नसतो. घरात सरपण कशाचे होते, नांगराचा फाळ मोडला तेव्हा दुसरा कोठून आणला, बायकोच्या बाळंतपणी जवळ कोण होते, आणि पिकाचे पैसे हाती आल्यावर पहिल्याने कोणाचे देणे वारले, हे त्यांपैकी एकाही कागदावरून कळत नाही.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांनी आपल्या आप्तांस लिहिलेली पत्रे आम्हांस मोलाची वाटतात, व आमच्या वाचकांनी त्यांची ओळख करून घ्यावी असे आमचे मत आहे. ही पत्रे छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. त्यांत शुद्धलेखनाचे दोष आहेत, एकच गोष्ट दोनदा सांगितलेली आहे, हवापाण्याचा मजकूर तर प्रत्येक पत्रात आहे. परंतु शेत कसणाऱ्याने शेत जाणणाऱ्यास लिहिलेला असा तो मजकूर असल्यामुळे त्यांत फुशारकीस वाव थोडा. लेकाने एकरी गव्हाचा उतारा वाढवून लिहिला, तर वाचणारा बाप स्वतः गहू पिकविणारा होता. त्याला खरेखोटे तत्काळ उमगले असते.

इतकी पत्रे तिकडे का लिहिली गेली, याचे कारण उघड आहे. त्या शतकात अमेरिकेतील शेती सतत पश्चिमेकडे सरकत होती. ओहायो, इंडियाना, पेन्सिल्व्हेनिया या जुन्या राज्यांतील कुटुंबांतून एखादा मुलगा किंवा जावई कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा इकडे नवी जमीन घेण्यास जाई, व आईबाप मागे राहत. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी या देशांतून आलेल्यांचे तर निम्मे घर समुद्रापलीकडे असे. ज्यांची पुन्हा भेट होण्याची आशा थोडी, त्यांस जोडणारा धागा टपालाचा होता.

हा धागाही आरंभी स्वस्त नव्हता. १८४५ पूर्वी चारशे मैलांपलीकडे पत्र धाडावयाचे तर दर कागदास २५ सेंट पडत. मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा चांगलाच मोठा भाग त्यांत जाई. म्हणून लोक एकच कागद भरून लिहीत, व तो भरला की आडवा धरून त्याच ओळींवरून दुसऱ्या ओळी लिहीत. १८४५ साली तीनशे मैलांपर्यंत ५ सेंट व त्यापुढे १० सेंट असा दर झाला. १८५१ मध्ये आगाऊ हशील भरलेल्या पत्रास तीन हजार मैलांपर्यंत ३ सेंट झाले. १८६३ पासून अंतराचा हिशेबच राहिला नाही. आणि १८८३ मध्ये दर २ सेंटांवर आला. तरीही पत्र शेतकऱ्याच्या दारी येत नसे. टपालघर गाठून ते आणावे लागे, व नव्या मुलुखात टपालघर म्हणजे बहुधा एखादे दुकान किंवा कोणा वसाहतकऱ्याचे राहते घरच असे. खेड्यापाड्यांत घरपोच टपाल वाटण्याचा प्रयोग १८९६ साली वेस्ट व्हर्जिनियात सुरू झाला. तात्पर्य, जे पत्र लिहिले गेले ते वेळ, पैसा आणि पायपीट खर्चून लिहिले गेले होते.

आता या पत्रांत काय आहे ते पाहू. १८६२ च्या मे महिन्यात लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. या कायद्याने एकवीस वर्षांच्या कोणाही नागरिकास, अथवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्यास, थोडी फी भरून १६० एकर सरकारी जमीन मागता येई. विधवा व अविवाहित स्त्रियांसही हा हक्क होता. अट एवढीच की जमिनीवर घर बांधून, पाच वर्षे तेथे राहून ती कसली पाहिजे. कायद्याच्या साऱ्या कारकिर्दीत सुमारे १६ लाख खातेदारांच्या नावे सुमारे २७ कोटी एकर जमीन लागली. हे आकडे सर्व इतिहासांत सापडतात. त्या पाच वर्षांत एकेका दिवसाचा गुजारा कसा झाला हे पाहावयाचे असेल, तर पत्रांकडेच वळले पाहिजे.

पेन्सिल्व्हेनियातील बेथलहेम गावचा हॉवर्ड रूडी हा छापखान्यात खिळे जुळविणारा तरुण १८७७ साली कॅन्ससमधील ऑसबोर्न परगण्यात जमीन घेण्यास गेला. त्याने घरी धाडलेली पत्रे पुढे जॉन आइस या कॅन्ससच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी संपादून १९३७ साली प्रसिद्ध केली. रूडीने जमिनीत खणून व गवताच्या ढेपा रचून आपले घर केले, व त्याचा खर्च पैपैशाने घरी कळविला. आढ्याचे लाकूड व ते वाहून आणणे, दोन गाड्या जळण धरून, दीड डॉलर; वासे व गवत ५० सेंट; दोन पौंड खिळे १५ सेंट; बिजागऱ्या २० सेंट; खिडकी ७५ सेंट; अशी व इतर किरकोळ मिळून रोकड ४ डॉलर ५ सेंट. याखेरीज ४ डॉलरांच्या फळ्या त्याने मजुरीने फेडून घेतल्या. त्यांची व सरपणाची वाहतूक धरून एकंदर बेरीज १० डॉलर ५ सेंट. राहावयास निवारा आणि उन्हाळाभर पुरेल इतके जळण एवढ्यात झाले. जमीन फुकट मिळाली तरी पोट फुकट भरत नाही, हेही त्याच पत्रांवरून दिसते. कारण रोकड हाती यावी म्हणून रूडीला ऑसबोर्नच्या छापखान्यात पुन्हा खिळे जुळवावे लागले. आमच्या मते होमस्टेड कायद्याचे खरे मर्म या एका हिशेबात जितके कळते, तितके कायद्याच्या कलमांत कळत नाही. भांडवलावाचून जमीन मिळाली, तर पहिली दोन-तीन वर्षे जमीनच कसणाऱ्यास खाते.

ढेपांचे घर हा प्रकार आपल्याकडील वाचकांस नवा असेल, म्हणून दोन शब्द लिहितो. त्या गवताळ माळावर झाड क्वचितच आढळे, आणि गवताच्या मुळांचे जाळे इतके दाट असे की नांगराने उलथलेली पट्टी न फुटता सलग निघे. सुमारे एक फूट रुंद व तीन-चार इंच जाड अशा त्या पट्टीचे कुदळीने तुकडे पाडून, गवताची बाजू खाली करून, ते विटांसारखे रचीत. भिंत दोन-तीन फूट जाड होई. असे घर हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड राही. परंतु पाऊस झाला की छत गळे, आणि आकाश मोकळे झाल्यावरही घरात थेंब पडत राहत. त्याच उलथलेल्या रानात पहिल्या वर्षी कुऱ्हाडीने खाचा पाडून मका टोकीत. सरपण म्हणजे गवताचे पीळ, मक्याची बुरकुंडे आणि वाळलेले शेण. हे वाचून आमच्या वाचकांस त्या दूरच्या संसाराशी थोडी जवळीक वाटल्यावाचून राहणार नाही.

नेब्रास्काच्या इतिहास-संस्थेने जतन केलेली ऑब्लिंगर कुटुंबाची पत्रे याहून अधिक जिव्हाळ्याची आहेत. यूराया ऑब्लिंगर हा इंडियानाचा. यादवी युद्धात लढून आलेला. इंडियानात दुसऱ्याच्या जमिनी खंडाने करून आपल्याला कधीच वर येता येणार नाही असे पाहून तो १८७२ च्या शरदात नेब्रास्कातील फिलमोर परगण्यात गेला. बायको मॅटी व लहान मुलगी एला मागे राहिली. तो हिवाळा त्याने पत्रांवर काढला. १८७३ च्या एप्रिलात ईस्टरच्या सुमारास त्या मुलुखावर बर्फाचे भयंकर वादळ कोसळले, त्याचीही हकीकत त्याने घरी लिहिली. पुढे मे महिन्यात मायलेकी त्याच्याकडे गेल्या. त्यानंतर मॅटीने माहेरी लिहिलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: मातीच्या ढेपांचे घर पाहून कोणी आमची कीव करू नये, हे आमचे स्वतःचे आहे, येथे खंड मागणारा कोणी नाही. खंडकरी कुटुंबाच्या मनात स्वतःच्या जमिनीची तहान किती असते, याचा याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

या कुटुंबाची पुढील कथा मात्र सुखाची नाही. १८८० साली बाळंतपणात मॅटी वारली. मागे लहान मुली राहिल्या. यूरायाने पुढे दुसरे लग्न केले, पण त्याचा संसार एका जागी स्थिर झाला नाही. अनेक ठिकाणी बिऱ्हाड हलवावे लागले.

नॉर्वेतील हालिंगदाल खोऱ्यातून नवऱ्याबरोबर आयोवात आलेल्या ग्रो स्वेन्सन या बाईंची पत्रे १९५० साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांतही हाच प्रकार आढळतो. १८६२ पासून सोळा वर्षे त्या आपल्या आईबापांस लिहीत होत्या. उन्हाळ्यात लोणी वितळते व दूधदुभत्याची जुनी रीत येथे चालत नाही. विजांचा कडकडाट मायदेशी कधी ऐकला नव्हता इतका होतो. सापांपासून जपावे लागते. नवरा यादवी युद्धात लष्करात ओढला गेला तेव्हा शेत आणि मुले एकटीने सांभाळावी लागली. असा सर्व मजकूर त्यांत आहे. अमेरिकेत बायकांस काम थोडे असते, ही नॉर्वेत ऐकलेली वार्ता खोटी असल्याचेही त्यांनी स्वच्छ कळविले आहे. १८७८ साली त्याही बाळंतपणात वारल्या.

या दोन मृत्यूंकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. पाच वर्षे पुरी झाल्यावर खातेदाराला सरकारी कचेरीत पुरावा द्यावा लागे. घराची लांबीरुंदी किती, किती एकर नांगराखाली आले, विहीर आहे की नाही, हे सारे दोन साक्षीदारांच्या साक्षीने त्या कागदात नमूद होई, व मग सनद मिळे. ज्या घरात डॉक्टर किंवा सुईण कोसच्या कोस लांब होती, त्या घरातील बाईने या सनदेसाठी काय किंमत दिली, याचा रकाना त्या कागदात नव्हता. तो रकाना पत्रांत भरलेला आहे. दूध, लोणी, अंडी, भाजीपाला, शिवणटिपण व आल्यागेल्याचे जेवण या बायकांच्या कामावर पीक बुडालेल्या वर्षी सारे घर जगत असे. शेतीचा जमाखर्च मांडताना ही बाजू ज्या वहीत नाही ती वही अपुरी आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. मग ती वही आयोवातील असो वा अन्य कोठील.

पीक बुडण्याचे प्रसंग थोडे नव्हते. १८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताच्या बाजूने आलेल्या टोळांनी कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा, मिनेसोटा व आयोवाचा काही भाग उजाड केला. त्यांनी मका खाल्ला, भाजीपाला खाल्ला, जमिनीतील कांद्याची पोकळी तेवढी ठेवली. अवजारांच्या मुठींवर घामाचे मीठ बसलेले असे म्हणून मुठीही कुरतडल्या. १८७५ साली अमेरिकन काँग्रेसने दीड लाख डॉलर मदतीस मंजूर केले, व लष्कराच्या कोठारांतील कपडे लोकांस वाटण्यात आले. १८७७ मध्ये नेब्रास्काने कायदा करून सोळा ते साठ वर्षे वयाच्या धडधाकट पुरुषांस टोळांची पिले निघण्याच्या वेळी त्यांच्या नाशाच्या कामावर येण्याची सक्ती केली. आश्चर्य असे की ज्या टोळाने आकाश झाकले, त्याचा जिवंत नमुना १९०२ नंतर सापडलेला नाही. डोंगरपायथ्याच्या नदीखोऱ्यांत तो अंडी घाली. तीच खोरी नांगराखाली व पाटाखाली आली, म्हणून तो नष्ट झाला, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

येथे कोणी शंका काढील की, पत्रे लिहिणारा माणूसच असतो; तोही घरच्यांपासून दुःख लपवितो, किंवा मोठेपणा मिरवितो; मग पत्रांवर विश्वास तो किती ठेवावा? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर पत्रांची पारख करण्यात आहे. रेल्वे कंपन्यांना सरकारकडून मोठ्या जमिनी मिळाल्या होत्या, व त्या विकण्यासाठी त्या जी हस्तपत्रके काढीत त्यांत सुखी वसाहतकऱ्यांची पत्रे छापलेली असत. ती पत्रे निवडणारा हात विक्रेत्याचा होता. आईस लिहिलेले व पेटीत पडून राहिलेले पत्र निराळे. त्यातही एक दोष राहतोच: ज्याचे बरे चालले तो लिहितो; ज्याचे सर्वस्व बुडाले तो पुष्कळदा लिहिणेच सोडतो. म्हणून पत्रांच्या संग्रहात जेथे अचानक खंड पडतो, तेथे वाचकाने थांबून विचार करावा.

विक्रेत्याच्या कागदावर भरवसा ठेवल्याचा परिणाम काय होतो, याचेही उदाहरण त्याच मुलुखाचे आहे. नांगर जसजसा पश्चिमेस जाईल तसतसा पाऊसही त्याच्या मागून जाईल, असा एक सिद्धांत त्या काळी निघाला होता. नेब्रास्का विद्यापीठाचे सॅम्युएल ऑघे यांनी त्यास शास्त्राचा आधार दिला, व चार्ल्स विल्बर यांनी १८८१ च्या आपल्या पुस्तकात त्याचा पुरस्कार केला. पावसाची काही वर्षे बरी गेली, म्हणून लोकांनीही तो मानला. मग १८९० चे व १८९४ चे अवर्षण आले, आणि पश्चिम कॅन्सस व नेब्रास्कातून गाड्यांमागून गाड्या परत पूर्वेकडे निघाल्या. शेजारच्या चार घरांनी पंधरा वर्षांत घरी काय लिहिले, पाऊस कधी झाला व कधी चुकला, हे कोणी एकत्र वाचले असते तर त्या सिद्धांताची पारख फार आधी झाली असती.

आणखी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. या पत्रांत जिला मोकळी जमीन म्हटले आहे ती मोकळी नव्हती. नेब्रास्कातील पॉनी लोक तेथे मका पिकवीत व गव्यांची शिकार करीत. १८७० नंतरच्या दशकात त्यांना ती भूमी सोडून आजच्या ओक्लाहोमाच्या मुलुखात जावे लागले. यूराया आणि मॅटी यांच्या सुखदुःखाने आपले मन द्रवते तेव्हा हेही आठवले पाहिजे की, त्या जमिनीवरून ज्यांना उठविले त्यांच्या घरातील असा पत्रांचा गठ्ठा आपणांपुढे नाही. दक्षिणेकडील कृष्णवर्णी शेतकऱ्यांचेही तसेच. गुलामगिरीच्या काळी अनेक राज्यांत त्यांना अक्षरे शिकविणे हाच गुन्हा होता. १८७० च्या शिरगणतीत त्यांच्यापैकी शेकडा ऐंशीच्या घरात लोक निरक्षर आढळले. १८७९ साली त्यांतील हजारो कुटुंबे जमिनीच्या आशेने कॅन्ससला गेली, पण त्यांची हकीकत बहुतांशी दुसऱ्यांच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आली. ज्याच्या हाती लेखणी त्याचे दुःख पुढील पिढ्यांस कळते. ज्याच्या हाती ती नाही त्याचे दुःख शेताबरोबरच मातीत जाते.

पत्रांनी केवळ दुःख सांगितले असे नाही. त्यांनी लोकांस एकत्रही आणले. रेल्वेचे भाडे, कोठारवाल्यांचे दर, यंत्रांच्या किमती व गहाणाचे व्याज यांच्या तक्रारी परगण्या-परगण्यांतून सारख्याच निघत. १८६७ साली ऑलिव्हर केली व त्यांचे सहकारी यांनी ग्रेंज नावाची शेतकऱ्यांची संस्था स्थापिली, तीत स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीने सभासद करून घेतले. माल एकत्र खरेदी करणे, व्याख्याने करविणे, भाड्यांवर नियंत्रण मागणे ही तिची कामे. धान्याच्या कोठारांचे दर ठरविण्याचा हक्क राज्यसरकारास आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयाने १८७७ मध्ये इलिनॉयच्या खटल्यात दिला. तरी मालाचा भाव काही केल्या टिकला नाही. १८८१ मध्ये गव्हाला बुशेलमागे डॉलराहून अधिक मिळत होते, ते १८९४ मध्ये ४९ सेंटांवर आले. आपल्यासारखीच ओढ शेजाऱ्याचीही आहे हे ज्याला कळते तोच सभेला येतो. आणि ते कळण्याची पहिली पायरी म्हणजे आपली ओढ शब्दांत मांडणे.

हे सारे अमेरिकेचे झाले. परंतु त्याच वर्षांत त्या देशाच्या घडामोडींचा धागा आमच्या दख्खनपर्यंत पोहोचला होता. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, व मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव कडाडले. सावकाराने हात सैल सोडला, कुणब्याने कर्ज काढले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज तेवढे राहिले. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, व तो आसपासच्या गावांत पसरला. लोकांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या घरातील खतपत्रांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. ज्या साली नेब्रास्कातील शेतकरी टोळांची हकीकत स्वतःच्या हाताने घरी लिहीत होता, त्याच साली दख्खनचा कुणबी दुसऱ्याने आपल्याविषयी लिहिलेला, आपल्याला वाचता न येणारा कागद जाळीत होता.

टपाल महाग होते म्हणून आमच्याकडे लिहिणे झाले नाही, असे म्हणता येत नाही. १८५४ पासून अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कोठेही पत्र जात असे, व १८७९ पासून पाव आण्याचे कार्ड मिळू लागले. अडचण अक्षरांची होती. म्हणून १८७५ च्या दंग्याची माहिती आपण चौकशी-मंडळाच्या अहवालातून घेतो, व शेतकऱ्याची बाजू जोतीराव फुले यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातून ऐकतो. त्या काळच्या कुणब्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले घरगुती पत्र विरळा. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारासमोर व्हावेत व हिशेब आणि पावती त्यास मिळावी असे ठरविले, ते याच दुखण्यावरील औषध होते. ज्या कागदाने माणूस बांधला जातो, तो कागद त्याला समजलाच पाहिजे, हे तत्त्व कायद्याला दंग्यानंतर सुचले.

आज आमच्या वाचकांस अक्षरांची अडचण नाही. तरीही आपल्या घरांत काय लिहिलेले सापडते? सातबाऱ्याचा उतारा, सोसायटीच्या कर्जाचे कागद, आडत्याच्या पट्ट्या, खताच्या दुकानाच्या पावत्या. हे सर्व जपलेच पाहिजे. पण ते सर्व दुसऱ्यांनी लिहिलेले आहे. सातबाऱ्यावर पिकाचे नाव व क्षेत्र असते; ते पीक का घेतले, कोणाच्या सांगण्यावरून बियाणे बदलले, कोणत्या नक्षत्राचा पाऊस चुकला, विहीर किती हात खणल्यावर पाणी लागले, हे त्यावर नसते. मुंबईस गेलेला मुलगा पूर्वी कार्ड तरी टाकीत असे. आता तो भ्रमणध्वनीवर बोलतो. बोलणे रोज होते, आणि महिन्याने त्यातील एक शब्दही कोणाजवळ उरत नाही. सोय वाढली ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु तिच्यापायी घराची आठवण पुसली जाऊ देणे शहाणपणाचे नव्हे.

यासाठी आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक घरात एक वही असावी व तीत आठवड्यातून एकदा तारीख घालून चार ओळी लिहाव्यात. पाऊस, पेरणी, उतारा, भाव, मजुरी, देणे-घेणे. आणि त्यासोबत घरातील जन्म, मृत्यू, आजार व शेजाऱ्यापाजाऱ्यांची वार्ता. लिहिणे घरच्या बायकांनीही करावे. किंबहुना अमेरिकेतील पत्रांचा अनुभव असा की, हिशेब पुरुषांचा चोख असतो, पण घर कसे चालले हे बायकांच्याच पत्रांतून कळते. बुडालेल्या वर्षीही लिहावे. त्या वर्षी तर अधिक लिहावे, कारण नातवाला उपयोग होईल तो त्याच वर्षाच्या मजकुराचा. परगावच्या मुलांस वर्षाकाठी दोन पत्रे तरी कागदावर लिहावीत व त्यांची आलेली पत्रे उंदीर, वाळवी आणि ओल यांपासून जपावीत. घरात जुन्या पत्रांचा गठ्ठा असेल तर तो रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचून पाहावा.

असे लिहून ठेवल्याने भाव वाढेल किंवा पाऊस वेळेवर येईल असे आम्ही म्हणत नाही. ऑब्लिंगरांच्या पत्रांनी त्यांचे दैव पालटले नाही. पण नव्या वाणाची, नव्या औषधाची किंवा नव्या कर्जाची वाखाणणी घेऊन कोणी दारी येईल, तेव्हा आपल्याच शिवारातील वीस वर्षांची आपल्याच हातची नोंद काढून त्याच्यापुढे ठेवता येणे, हे शेतकऱ्याचे थोडेथोडके बळ नव्हे. पुढील अंकांपासून सभासदांच्या अशा वह्यांतील व जुन्या घरगुती पत्रांतील निवडक मजकूर, घराची परवानगी असेल तेथे, या मासिकात देण्याचा आमचा विचार आहे. सभासदांनी तो आमच्याकडे अवश्य पाठवावा.